पोतराजाचा कोरडा : अंगातले आणि हातातले

पोतराजाविषयी आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनी लिहिले गेले आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी त्याच्या अंगात मरीआई येते, तो स्वतःवर कोरडे ओढतो, असे नोंदवले आणि त्याची जट, आभरान, हळद-कुंकू यांची वर्णने केली. परिवर्तनवादी चळवळीने त्याला देवाच्या नावावर लादलेल्या गुलामीचा पुरावा मानले, आणि ते रास्तच होते. पण या दोन्ही लेखनांत त्या माणसाचा हात कुठे आहे? कोरडा वाजवावा लागतो, आणि तो वाजवणे शिकावे लागते. ही साधी गोष्ट इतिहासात आलीच नाही.

आमचा यवतमाळ जिल्हा, 1905 पूर्वीचा वणी जिल्हा, दक्षिणेस पैनगंगेला टेकतो. नदीपलीकडे नांदेड आणि आदिलाबाद. ‘पोतराज’ हा शब्द मूळचा याच दिशेचा. तेलुगू मुलखात पोतराजू हा ग्रामदेवीचा भाऊ. हैदराबाद-सिकंदराबादेत आषाढातल्या बोनालूच्या जत्रेत तो आजही हळद माखून, दोर उगारून देवीपुढे चालतो. मराठी मुलखात हे काम महार आणि मातंग यांच्या वाट्याला आले. इथे तो देवीचा भाऊ राहिला नाही. दारोदार पसा मागणारा झाला.

आता कोरड्याकडे पाहू. मुठीकडे जाड, पुढे निमुळता होत जाणारा पिळाचा दोर, आणि अगदी टोकाला बारीक, मोकळा तंतू. हा उतार नीट साधला नाही तर दोर नुसता फिरतो, बोलत नाही. शिकणाऱ्याने जोर लावला की हमखास चुकते. दोर आधी पूर्ण मागे उलगडू द्यायचा, मग हात पुढे न्यायचा आणि नेमक्या क्षणी मनगट थांबवायचे. हात थांबतो तेव्हा दोरात पडलेला वेढा मुठीकडून टोकाकडे धावत जातो आणि टोकाशी उलटतो. आवाज तिथे होतो. घाई करून हात मध्येच उलटा ओढला की टोक परत फिरते आणि डोळा, कान किंवा मान गाठते. म्हणून सुरुवात मोकळ्या जागेत करावी लागते, दोर अंगाच्या बाजूने ठेवून, तोंडासमोरून कधीच नाही. आणि बघ्यांनी दोराच्या लांबीहून चांगले लांब उभे राहायचे. अंगाभोवती वेढा घेण्याचा भाग सर्वांत शेवटी. फटका हवेत फुटला पाहिजे आणि अंगावर पडावा तो वेग ओसरलेला दोर. हे अंतर बोटा-दोन बोटांचे असते. ते चुकलेल्या दिवसांचे वळ पोतराजांच्या दंडावर असतात. भाविक त्यांना देवीची खूण समजतात.

पदार्थविज्ञानाला हा आवाज समजायला बराच काळ लागला. टोक ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरपेक्षा, जलद जात असावे, असा तर्क जर्मन शास्त्रज्ञ ओटो लुमर यांनी 1905 मध्ये मांडला. 1958 मध्ये अमेरिकेत याचे प्रयोग झाले. 2002 मध्ये गोरीली आणि मॅकमिलन यांनी गणिताने दाखवले की आवाजाचे मूळ नुसत्या टोकात नसून त्या धावत्या वेढ्यात आहे. स्वनातीत विमानाचा जो स्फोट, त्याच जातीचा हा लहानसा स्फोट. अक्षरशत्रू ठेवलेल्या माणसांनी तो मनगटाने साधला होता, हे सांगताना मला कसलाही पौराणिक अभिमान मिरवायचा नाही. त्यांना सूत्र ठाऊक नव्हते. त्यांना हात ठाऊक होता.

मग ही विद्या त्यांनाच का शिकावी लागली? मरीआई ही पटकीची देवी. गावात साथ आली की रोग शिवेबाहेर घालवण्याचे काम ज्यांचे घरच शिवेवर, त्यांच्याकडे. मेलेले ढोर ओढण्याची वाटणी ज्या हिशेबाने झाली, त्याच हिशेबाने ही झाली. 1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, तरी पोतराज फिरतच राहिला. कारण गावाला जंतूपेक्षा ही वाटणी अधिक सोयीची होती. त्याच्या वर्षभर आधी, 1883 मध्ये, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला होता. त्यांनी असूडाची दिशा फिरवली. पोतराजाचा कोरडा मात्र त्याच्याच पाठीवर राहिला.

पहिला मुलगा देवीला सोडण्याची चाल बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये सांगितली आहे, पार्थ पोळके यांच्या ‘आभरान’ने पोतराजाच्या घरातले जिणे आतून मांडले. या पुस्तकांनी पोतराजाला प्रथमच घर दिले, भूक दिली. 14 ऑक्टोबर 1956 नंतर बौद्ध झालेल्या वस्त्यांतून जटा कापल्या गेल्या, देव्हारे नदीत गेले. मातंगांमध्ये ही चाल पुढेही रेंगाळली. तिथेही शिकलेली पोरे आता बापाचा कोरडा माळ्यावर टाकतात. टाकावाच. जट ठेवा, असे म्हणणारा ‘लोककलाप्रेमी’ स्वतःच्या मुलाच्या डोक्यावर ती वाढवणार आहे काय?

परंतु माझ्या वर्गात बसणारा एखादा विद्यार्थी आजोबा काय करीत, हे विचारल्यावर ‘मजुरी’ म्हणतो, तेव्हा देवीबरोबर ती विद्याही लाजेत गेलेली असते. सुतार रंधा चालवतो, तेव्हा त्याच्या अंगात विश्वकर्मा आला असे आपण म्हणत नाही. पोतराजाच्या बाबतीत मात्र कौशल्याचे श्रेय देवीला गेले, आणि वळ तेवढे माणसाकडे राहिले. आपणही अंधश्रद्धेवर बोलताना हीच वाटणी नकळत मान्य करतो.

आता कोरडा वाजवता येणारी माणसे थोडी उरली आहेत आणि बहुतेक वयस्क आहेत. त्यांच्याकडे जाऊन अंगात कोण येते, हे विचारणारे पुष्कळ झाले. दोर कुणी वळला, अंबाडीचा की घायपाताचा, टोकाचा तंतू किती दिवसांनी बदलावा लागतो, पहिला आवाज कितव्या वर्षी निघाला, तोवर कान किती वेळा फुटला, आणि शिकवताना बापाने हात धरला होता की नुसता पाहत उभा होता, हे अजून विचारायचे आहे.