पंचशील : शब्द आणि आचरण
(राज्यसभेतील बाबासाहेबांच्या एका भाषणाचा विचार)

परराष्ट्र धोरण हे मंत्रिमंडळाचे क्षेत्र होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संविधानाची रचनाही तिला पोषक आहे. करारांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार अनुच्छेद २५३ नुसार संसदेला आहे. परंतु करार करण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे बंधन शासनावर नाही. मग ज्या सदस्याच्या हाती ना खाते ना बहुमत, त्याने राष्ट्राच्या परराष्ट्र धोरणात कोणता वाटा उचलावा? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत केलेले भाषण हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे.

या भाषणाची पूर्वपीठिका १९५१ सालातील आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण सर्वश्रुत आहे. परंतु परराष्ट्र धोरणाविषयीचा असमाधानही त्या निवेदनात स्पष्टपणे नोंदविलेला आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १० ऑक्टोबर रोजी हे निवेदन सभागृहात करता न आल्याने ते बाहेर येऊन वृत्तपत्रांना द्यावे लागले. सुमारे ३५० कोटी रुपयांच्या वार्षिक महसुलापैकी १८० कोटी रुपये सैन्यावर खर्च होतात. अडचणीत धावून येईल असा मित्र उरलेला नाही, म्हणूनच हा भार एकट्याने वाहावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. परराष्ट्र धोरणाचे मोजमाप त्यांनी अशा रीतीने देशाच्या तिजोरीशी, आणि म्हणून गरिबाच्या भाकरीशी जोडले.

१९५२ साली ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, २९ एप्रिल १९५४ रोजी, भारत व चीन यांच्यात तिबेटविषयक करार झाला. त्यात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा करण्यात आला. ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या सवलती भारताने सोडल्या : यातुंग व ग्यान्त्से येथील सैनिकी तुकड्या परत बोलावण्याचे, टपाल व तारसेवा तसेच १२ विश्रामगृहे चीनच्या हवाली करण्याचे मान्य केले. या कराराच्या प्रास्ताविकात परस्परांच्या प्रादेशिक अखंडतेचा व सार्वभौमत्वाचा आदर, परस्पर अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित आणि शांततामय सहजीवन ही पाच तत्त्वे होती. पुढे ती ‘पंचशील’ या नावाने प्रसिद्धी पावली.

बाबासाहेबांनी नेमक्या या नावावरच बोट ठेवले. पंचशील हा बौद्ध धम्माचा महत्त्वाचा भाग आहे. माओ यांची त्यावर खरोखर श्रद्धा असती, तर त्यांनी स्वतःच्या देशातील बौद्धांना निराळी वागणूक दिली असती, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताच्या सीमेला येऊन भिडली आहे आणि आज ना उद्या आक्रमणाचा धोका संभवतो, असेही त्यांनी बजावले. गोव्याच्या बाबतीत प्रारंभीच छोटीशी पोलीस कारवाई पुरेशी ठरली असती, हे त्यांचे मतही याच भाषणातील होय.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्यांच्या आक्षेपाचे मर्म सहज उमगेल. शील हे ‘सिक्खापद’ आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासूनची ‘वेरमणी’, म्हणजे विरती, उपासक स्वतः होऊन स्वीकारतो. शेजाऱ्याने चोरी केली, म्हणून आपले शील संपले असे त्यात होत नाही. करारातील तत्त्वांचा प्राण मात्र ‘परस्पर’ या शब्दात आहे; एकाने ती मोडली, की दुसऱ्यावरील बंधनही सैल होते. शीलाचा आधार चेतना, तर कराराचा आधार हितसंबंध. करार त्याज्य असतो असा याचा अर्थ नव्हे. मात्र कराराला शीलाचे नाव दिले, की शीलाविषयीचा विश्वास आपण नकळत करारावर ठेवू लागतो, आणि पारख करायचे विसरतो. ही पारख जागी करणे, हेच त्या दिवशी राज्यसभेत घडले.

या भाषणाचे मूल्यमापन करताना बाबासाहेबांना भविष्यवेत्ते ठरविण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. कराराची आठ वर्षांची मुदत १९६२ साली नूतनीकरणाविना संपली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये युद्ध पेटले, हे खरे. परंतु त्या युद्धामागे अक्साई चीनचा रस्ता, १९५९ मधील तिबेटचा उठाव, सीमारेषेवरील मतभेद अशी अनेक कारणे होती. उलटपक्षी, आग्नेय आशिया संरक्षण संघटनेविषयी त्यांनी दाखविलेली अनुकूलता काळाने उचलून धरली नाही. भाषणानंतर पंधरवड्याच्या आतच स्थापन झालेली ही संघटना १९७७ मध्ये विसर्जित झाली. नव्याने स्वतंत्र झालेल्या दरिद्री देशाला शांततेचा अवधी हवा आहे, हा पंडित नेहरूंचा विचारही निराधार नव्हता. म्हणून भाषणाचे महत्त्व त्यातील भाकितांवर अवलंबून नाही. घोषणेचा ताळा आचरणाशी घ्या, ही त्यातील मागणी टिकाऊ आहे. त्या भाषणाने धोरण बदलले नाही. परंतु धोरणाविषयीचा प्रश्न संसदेच्या दप्तरी कायमचा नोंदला गेला, आणि आजही तो वाचता येतो.

महापरिनिब्बान सुत्तात मगधराज अजातशत्रू वज्जींवर स्वारी करण्याचा मनसुबा वस्सकार या अमात्याकरवी तथागतांना कळवितो. तथागत वज्जींच्या सैन्याची चौकशी करीत नाहीत. वज्जी वारंवार सभा भरवितात काय, एकोप्याने विचारविनिमय करतात काय, हे ते आनंदाला विचारतात. पुढे वस्सकाराने त्यांच्यात फूट पाडली, सभेला जमण्याची त्यांची सवय मोडली आणि मगच वज्जी पराभूत झाले, असे अट्ठकथा सांगते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भिक्खुसंघाच्या संसदीय कार्यपद्धतीचे स्मरण करून देणाऱ्या बाबासाहेबांना हा वारसा पूर्ण परिचित होता. राष्ट्राच्या सीमेचे रक्षण सैनिक करतो. परंतु ती सीमा कोणत्या विश्वासावर सोपविली जात आहे, हे विचारण्याचे काम सभेचे आहे. सभेतील एका सदस्याने एकट्याने जरी ते पार पाडले, तरी ते राष्ट्रकार्यच ठरते.