‘ओळखलंत का?’ या प्रश्नाचा इतिहास

स्मृतिभ्रंश, म्हणजे आपण ज्याला डिमेन्शिया म्हणतो, तो आजार झालेल्या माणसाला भेटायला गेलो की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काकू, ओळखलंत का? सांगा बरं, मी कोण?’ विचारतो प्रेमानेच. पण ती परीक्षा असते, आणि समोरचं माणूस नापास होणार हे आपल्याला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असतं. आज या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे, आणि कलेच्या वाटेने त्याला पर्याय कसा सापडला, तेही.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा सुरुवात जॉन लॉकपासून. १६९४ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत एक प्रकरण नव्याने घातलं. कालचा मी आणि आजचा मी एकच, हे कशावरून? लॉक म्हणतो, माझी जाणीव मागे जिथवर पोहोचते, तिथवर मी तोच. वर्गात शिकवायला हे सोपं आहे हो! पण ज्याची आठवणच गेली, तो मग कोण?

१९०१ साली फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात डॉक्टर आलोइस अल्झायमर ऑगुस्ट डेटर या बाईंना प्रश्न विचारत होते. नाव काय? ऑगुस्ट. नवऱ्याचं नाव? तेही ऑगुस्टच. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं, तर ते पुरं होईना. १९०६ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मेंदूच्या तपासणीतून अल्झायमरनी जे मांडलं, त्या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं. निदानासाठी असे प्रश्न विचारावेच लागतात, त्यात डॉक्टरांचा दोष नाही. पण तेच प्रश्न घरातल्या बोलण्यातही येऊन बसले, ही खरी अडचण.

आता कलेकडे वळू. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. सॅनेटोरियममध्ये क्षयातून बरं होताना तो चित्रं काढत असे, मग इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढलं. पण त्या रुग्णांना बरं होऊन घरी जाण्याची आशा होती. स्मृतिभ्रंशात ती नाही. रंग-कुंचल्याने मेंदूची झीज थांबत नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. मग इथे कलेने करायचं काय?

लंडनमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार विल्यम उटरमोलेन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतर सुमारे पाच वर्षं ते स्वतःचे चेहरे रंगवत राहिले. ही चित्रं आज ओळीने लावून दाखवतात: बघा, चेहरा कसा विरघळत गेला! म्हणजे पुन्हा परीक्षाच. मी ती ओळ दुसऱ्या प्रकारे पाहतो. आपल्याला काय होतंय, हे पाहणारा आणि ते कागदावर उतरवणारा कुणीतरी तिथे शेवटपर्यंत आहे.

पण उटरमोलेन मुळात चित्रकार. ज्यांनी जन्मात ब्रश धरला नाही, त्यांचं काय? १९९०च्या दशकात अमेरिकेत मिलवॉकीच्या एका वृद्धाश्रमात नाट्यशास्त्राच्या अभ्यासक अ‍ॅन बेस्टिंग जात असत. आठवणींवर आधारलेले नाटकाचे खेळ त्यांनी घेऊन पाहिले, कुणी प्रतिसाद देईना. मग त्यांनी मासिकातलं सिगारेटच्या जाहिरातीतल्या काउबॉयचं चित्र फाडलं आणि विचारलं, याचं नाव काय ठेवू या? गप्प बसणारी माणसं बोलू लागली. कुणी काहीही म्हणो, ते लिहून घ्यायचं आणि गोष्टीत गुंफायचं. यातूनच १९९८ मध्ये ‘टाइमस्लिप्स’ ही पद्धत उभी राहिली. २००६ पासून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही स्मृतिभ्रंश असलेल्यांना, त्यांची काळजी घेणाऱ्यांसोबत, चित्रांसमोर बसवून बोलतं करायला सुरुवात केली. लहान मुलांची रंगवायची पुस्तकं हाती देऊन वेळ घालवणं वेगळं. इथे मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं मत विचारलं जातं.

फरक प्रश्नात आहे. ‘हे काय होतं, आठवतंय का?’ याला एकच बरोबर उत्तर असतं. ‘तुम्हाला यात काय दिसतं?’ याला चुकीचं उत्तरच नाही. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ मध्ये मांडलं की माणूसपण हा एक दर्जा आहे, आणि तो नात्यातून, इतरांकडून मिळतो. लॉक व्यक्तीला तिच्या जाणिवेत शोधतो, किटवुड दोघांच्या मधल्या जागेत. मला किटवुड पटतो. पण मग जबाबदारीही आपल्यावर येते बरं का! रुग्ण विसरला म्हणून नव्हे, तर आपण दर्जा देणं थांबवलं म्हणून माणूसपण हिरावलं जाऊ शकतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. संस्कृतचे विद्वान शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात. ते कोण होते, हे माहुताच्या बायकोला माहीत नसतं. तरी ती त्यांना सांभाळते.

तर पुढच्या वेळी काकूंकडे जाताना एखादं चित्र घेऊन जा, किंवा नुसतं फूल. आपलं नाव आपणच सांगा, शेजारी बसा आणि विचारा, ‘काकू, कसं वाटतंय हे?’ उत्तर यायला वेळ लागेल. तेवढं थांबा.