भिंतीवरचा फोटो आणि त्यातला एक हात

इंदूरच्या आमच्या घरी दिवाणखान्यात, जिथे गणपती बसतो त्या जागेच्या वर, एक जुना फोटो टांगलेला आहे. मध्ये खुर्चीवर पगडी-उपरण्यातले पणजोबा. शेजारच्या खुर्चीवर नऊवारी नेसलेली पणजी, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. मागे टोपी घातलेले थोरले आजोबा, तेव्हा बारा-तेरा वर्षांचे. आणि पणजीच्या खुर्चीला लागून उभे असलेले, चार वर्षांचे आमचे आजोबा. दरवर्षी मखराच्या तयारीत हा फोटो उतरवायचा, पुसायचा आणि परत टांगायचा. आम्ही सगळी चुलत-आते भावंडे या फोटोखालीच लहानाची मोठी झालो. लहानग्या आजोबांच्या खांद्यावर एक हात आहे. तो त्यांच्या आईचा, असे आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी हरितालिकेच्या आदल्या दिवशी फोटो पुसत असताना आमच्यातल्या एकीच्या सात वर्षांच्या मुलीने विचारले, "या आजीला तीन हात कसे?" आम्ही हसलो आणि मग मोजले. पणजीचे दोन्ही हात मांडीवरच होते. खांद्यावरचा हात फोटोच्या उजव्या कडेकडून आला होता. मनगट दिसत होते आणि त्यापुढे फोटो संपत होता. पणजीचे हात बांगड्यांनी भरलेले. या मनगटात मात्र एकही बांगडी नव्हती.

फ्रेमचा मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लेला होताच. तो बदलायचे निमित्त करून आम्ही खिळे काढले. भिंतीवरच्या फोटोमागे आणखी एक फोटो निघाला. आकाराने लहान, तपकिरी पडलेला, जाड कार्डावर चिकटवलेला. तोच प्रसंग, तीच माणसे. भिंतीवर होती ती त्याची मोठी करून घेतलेली प्रत. फरक एवढाच की मूळ फोटोत उजवीकडे आणखी एक व्यक्ती उभी होती.

पहिल्यांदा आम्हाला ती खांबाची सावली वाटली. इतकी ती आकृती काळी होती. भिंग घेऊन पाहिल्यावर डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर दिसला, चेहऱ्याचा थोडा भाग दिसला, आणि पुढे आलेला तो हात.

या काळेपणाचे कारण फोटोच्या तंत्रात आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे लाल वस्तू फोटोत काळी येई. जुन्या फोटोंत सवाष्णींच्या कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते ते यामुळेच. आमच्या पणजीचेही तसेच आहे. सर्व रंग नीट टिपणाऱ्या प्लेटा आणि फिल्म सर्रास वापरात आल्या त्या पुढे, १९२० नंतर. म्हणजे जी बाई आम्हाला काळ्या वस्त्रात दिसत होती, ती खरे तर लाल वस्त्रात होती. आपल्याकडे ब्राह्मण घरांत डोक्यावरून पदर घेऊन नुसते लाल लुगडे कोण नेसत असे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. ते आलवण होते.

फोटो केव्हाचा, हे ठरवणे त्या मानाने सोपे गेले. आजोबांची पत्रिका घरात आहे. जन्म शके १८३० चा, म्हणजे १९०८. फोटोत ते चार वर्षांचे वाटतात, तेव्हा साल १९१२ च्या आसपासचे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १९११ मध्ये मिळाले आणि पणजोबा त्यांच्या महसूल खात्यात कारकून होते. कार्डाच्या तळाशी छापलेल्या अक्षरांपैकी आता फक्त 'महू' एवढेच वाचता येते.

इंदूरकरांना फोटोचे वेड तसे जुने. लाला दीनदयाळ पुढे हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून नावाजले, पण त्यांनी कॅमेरा हाती घेतला तो इथे, १८७४ च्या सुमारास, बांधकाम खात्यात नोकरीला असताना. दुसरे तुकोजीराव महाराज आणि एजंट सर हेन्री डेली यांचे त्यांना पाठबळ मिळाले. पुढे महूच्या छावणीत हर्झोग अँड हिगिन्स यांचा स्टुडिओ होता आणि मध्य भारतातल्या अनेक संस्थानांची छायाचित्रे त्यांनी काढली. महू इथून तेवीस-चोवीस किलोमीटर आणि मध्ये रेल्वे. होळकर संस्थानाने एक कोटी रुपयांचे कर्ज दिले म्हणून खंडवा-इंदूर मार्ग झाला, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. दरबारातला फोटो हळूहळू कारकुनाच्या चौकात आला तो असा. वर्षानुवर्षांत एकदा घडणारी गोष्ट. तिच्यासाठी कचेरीतून खुर्च्या आणल्या जात आणि ठेवणीतले कपडे निघत. अशा फोटोत कोण कुठे बसणार, हे आधी ठरलेले असे. मग आलवणातली बाई त्यात कशी?

हे सांगणारे माणूस घरात एकच उरले आहे. आमची आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. मूळ फोटो तिच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "अरे, या तर आक्का. कुठे मिळाल्या तुम्हाला?"

आक्का म्हणजे पणजोबांची धाकटी बहीण. सातारा जिल्ह्यातल्या मूळ गावी नवव्या वर्षी लग्न झाले. १८९७ च्या प्लेगात नवरा गेला, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. सासरच्यांनी माहेरी पाठवले. माहेरी आईवडील नव्हते, म्हणून खंडव्याला गाडी बदलून भावाकडे इंदूरला आल्या. फोटोतल्या बाईला आम्ही पन्नाशीची समजत होतो. हिशोब केला तर त्या अठ्ठावीस वर्षांच्या निघाल्या.

फोटोचा किस्सा आत्याने आक्कांकडूनच ऐकला होता. कॅमेरा काळ्या कापडाखाली गेला की धाकटा रडायचा. आईने सांगून पाहिले, वडिलांनी डोळे वटारून पाहिले. शेवटी फोटोवाल्याने विचारले, हा कुणाचे ऐकतो? स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आक्कांना बाहेर बोलावले गेले. कडेला उभे राहून त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मूल शांत झाले. फोटोसाठी त्यांना कुणी बोलावले नव्हते, मूल गप्प करायला बोलावले होते.

सहा वर्षांनी, १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएन्झाची साथ आली. एक कोटीहून जास्त माणसे या देशात त्या साथीने गेली. आमची पणजी त्यांपैकी एक. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. "आईविना पोर, पण बापाने धीराने वाढवले", असे आमच्या घरात पुढे सांगितले गेले. आम्हीही आमच्या मुलांना तसेच सांगत आलो. आत्या म्हणाली, "पणजोबा सकाळी कचेरीत जायचे, संध्याकाळी यायचे. मुलांना वाढवले आक्कांनी. दादांचा घास, दादांची मुंज, दादांचा अभ्यास, सगळे आक्कांनी पाहिले. आक्का गेल्या १९५१ साली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. दादा आईसाठी रडावे तसे रडले."

मग आम्ही नाव शोधायला लागलो, कारण आक्का हे काही नाव नव्हे. आत्यालाही खरे नाव ठाऊक नव्हते.

मूळ फोटोच्या मागे मोडीत दोन ओळी होत्या. मोडी वाचणारे गृहस्थ शोधून त्यांच्याकडून त्या वाचून घेतल्या. पणजोबांचे नाव, दोन्ही मुलांची नावे आणि शेवटी 'व मंडळी'. पणजी आणि आक्का, दोघी त्या एका शब्दात. नाशिकला गेलो तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याचे लेख पाहिले. पणजोबांच्या अक्षरातला लेख सापडला, खापरपणजोबांपर्यंत वंश लागला आणि आनंद झाला. पण लग्न झालेली मुलगी सासरच्या वंशात जाते, म्हणून तिचे नाव इथे नाही. सासरने परत पाठवलेली, म्हणून तिथेही कुणी लिहिले असेल असे वाटत नाही.

नाव शेवटी सापडले ते माळ्यावर, एका पितळी तपेलीवर. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. ठिपके ठोकून काढलेली ती अक्षरे घासून घासून पुसट होतात, पण जात नाहीत. तपेलीच्या काठाखाली आक्कांचे माहेरचे नाव होते, पुढे वडिलांचे नाव आणि 'शके १८४१'. म्हणजे १९१९-२०, पणजी गेली त्याच्या पुढचे वर्ष. ज्या वर्षी सगळे घर आक्कांच्या अंगावर पडले, त्या वर्षी पणजोबांनी बहिणीच्या नावाने भांडे घेतले. फोटोमागे जे लिहिले नाही, ते त्यांनी तपेलीवर घातले, एवढे म्हणायला हरकत नाही.

आता राहिला प्रश्न फोटो कापण्याचा. तो आम्ही विचारला आणि आत्या गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्याच लग्नात झाले ते." १९६० साली आत्याचे लग्न ठरले, घराला रंग दिला आणि फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचे ठरले. सोयरे येणार, तिथे समोर आलवणातली बाई कशाला, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे मत पडले. आजोबा तेव्हा बावन्न वर्षांचे होते. ज्यांनी वाढवले त्यांनाच फोटोतून काढायचे होते आणि ते 'नको' म्हणाले नाहीत. मात्र फ्रेम करणाऱ्याला त्यांनी बजावले होते की मूळ फोटो फेकायचा नाही, मागे घालायचा. हात तेवढा राहिला, कारण तो कापायचा तर आजोबांचा खांदा कापावा लागला असता.

आजोबांना दोष द्यावा का, यावर आमच्यात दोन मते आहेत. एक मत असे की काळच तसा होता. दुसरे असे की फोटो काढला तेव्हाच कर्व्यांच्या आश्रमाला सोळा वर्षे झाली होती, आणि १९६० म्हणजे तर पुष्कळच अलीकडचे. काळाकडे बोट दाखवून सुटका होत नाही. आणि आजोबांचेच का? पासष्ट वर्षे तो हात आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पगडी पाहिली, खुर्ची पाहिली, पणजोबांच्या मिशा पाहिल्या; हात कुणी मोजले नाहीत.

वाचकहो, असा एखादा फोटो तुमच्याही घरी असेल. होळकरांबरोबर आलेली घरे, पुढे नोकरीसाठी आलेली घरे, आपण सगळे मूळ गावापासून दूर वाढलो. आपल्यापाशी जमीन किंवा वाडा उरला नसेल, फोटो उरले आहेत. गौरीच्या जेवणाला घर भरलेले असेल तेव्हा ते खाली काढा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर ठेवा आणि पुरुषांची नावे आधीच लिहिलेली असतील तर बायकांची विचारा. माहेरचे विचारा, सासरचेही विचारा. जुना फोटो कार्डापासून सोडवू नका. पुढची आणि मागची, दोन्ही बाजूंची प्रत करून घ्या. नाव लिहायचे ते मऊ पेन्सिलने, मागे, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. आणि हे पुढच्या वर्षावर टाकू नका. आमची आत्या नसती तर आक्का आमच्यासाठी खांबाची सावलीच राहिल्या असत्या.

यंदा आमच्याकडे मखराच्या वर मूळ फोटो लावला आहे, कडेसकट. मागे पेन्सिलने पाचही जणांची नावे लिहिली. आक्कांचे नाव आत्याने स्वतः लिहिले. हात कापत होता, म्हणून अक्षर वाकडे आले आहे. ते नाव इथे छापू का, असे तिला विचारले. ती म्हणाली, "छापू नका. ज्याला पाहिजे त्याने दर्शनाला घरी यावे, फोटो बघावा. मी सांगेन."