पाण्याकाठचा धम्म

माझ्या आजीचा बुद्ध पाण्याकाठी भेटायचा. वैनगंगेकाठच्या आमच्या गावात आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला, की अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चाले. आजीला अक्षरओळख नव्हती. रात्री ऐकलेलं ती दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधीत निंदण करताना आम्हा नातवंडांना आपल्या बोलीत सांगायची.

सुरुवात ठरलेली : रोहिणी नदी. एका काठावर शाक्य, दुसऱ्या काठावर कोलिय, दोघांची शेती तिच्याच पाण्यावर. आधी पाणी कोणी घ्यायचं यावरून हाणामारी झाली आणि शाक्यांचा संघ युद्धाला निघाला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ सभेत उठला. चूक कोणाची याची आधी चौकशी करा, म्हणाला. बहुमत विरोधात गेलं, तेव्हा त्यानं घर सोडणं पत्करलं. इथे आजी थांबायची. “लढाई कायची? पान्याची. आन् मरन कोनाचं? मानसाचं.”

पुढे पुस्तकांतून कळलं, की पाली परंपरेत रोहिणीची ही कथा बुद्धत्वप्राप्तीनंतरची आहे. तिथे भगवान स्वतः दोन्ही सैन्यांच्या मधे येतात आणि पाण्याचं मोल किती, माणसांच्या रक्ताचं किती, असं विचारतात. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ निघाला, ही कथा सर्वांना ठाऊक असते. गोव्याचे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’मध्ये ती तपासून पाहिली. बाबासाहेबांनीही विचारलं, की एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर मरण दिसलंच नव्हतं का? धम्माच्या गोष्टीलाही प्रश्न विचारता येतात, हे मला या दोघांमुळे उमगलं.

आजीची दुसरी नदी नेरंजरा. सहा वर्षांच्या खडतर तपानं शरीर झिजवून काही हाती लागलं नाही, हे ओळखून सिद्धार्थानं तिच्या परिसरात सुजातेची खीर घेतली. मग पिंपळाखाली बसून त्यानं दुःखाच्या कारणाचा शोध घेतला. सारनाथला पाच परिव्राजकांना त्यानं तो सांगितला. भोगात लोळू नका आणि देहही जाळू नका. मधला मार्ग धरा. दुःख आहे. त्याला कारण आहे, ते म्हणजे तृष्णा. कारण आहे म्हणून ते संपवता येतं. आणि संपवण्याची वाट आहे : सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. रोहिणीच्या भांडणावर ही चार सत्यं लावून पाहा. पाणी पुरेसं नाही, हे खरंच. पण तलवारी निघाल्या त्या ‘माझंच’ म्हणण्यातून.

आजीला सर्वांत जवळचा होता तो पाणवठा. आनंद भिक्खू तहानलेला. पाणी भरणारी मुलगी संकोचून म्हणते, मी चांडाळाची लेक. आनंद म्हणतो, मी जात विचारली नाही, पाणी मागितलं. हे सांगताना आजीचा आवाज चढायचा. गावच्या विहिरीपाशी तिच्या पिढीनं ओंजळ धरून उभं राहायचं आणि वरून कोणी ओतेल तेवढंच प्यायचं, असे तिचे दिवस गेले होते. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, तो प्रसंग ती याच गोष्टीला जोडायची.

14 ऑक्टोबर 1956 ला आजी-आजोबा नागपूरच्या दीक्षाभूमीवर होते. त्या दिवशीच्या 22 प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसं समान मानण्याची आणि अष्टांगिक मार्गानं चालण्याची प्रतिज्ञाही आहे. परतल्यावर आजीनं घरातल्या मुलींना शाळेत घातलं. तिचं म्हणणं सरळ होतं : आपली दशा नशिबानं लिहिलेली असती तर ती पुसता आली नसती, ती माणसांनी केली आहे.

मला बुद्धाची थोरवी इथेच दिसते. दुःखाला कारण आहे, हे त्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ठामपणे सांगितलं आणि त्याच्या निवारणाची जबाबदारी प्रत्येकाच्या हाती दिली. आजही कालव्याच्या पाण्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, आजही कुठे पाण्याला हात लावला म्हणून माणूस मार खातो. तिथे आधी चौकशी करा म्हणत जो उभा राहील, तो सिद्धार्थाच्या वाटेवर आहे. एकटा पडला, तरीही.