गाजर गवताला नाव मिळालं, त्याची गोष्ट

पहिला पाऊस झाला की परसात, गोठ्यामागे, उकिरड्याच्या कडेला एक रोप जमिनीला चिकटून उगवतं. पानं गाजरासारखी कातरलेली. कुणाला वाटतं दवणा आला, कुणाला वाटतं शेवंती. म्हणून ते राहू दिलं जातं. बघता बघता ते कमरेएवढं होतं आणि बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जातं. हेच आपलं गाजर गवत. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत.

१९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर हे रोप तुरळक दिसू लागलं. इथल्या लोकांना ते अनोळखी होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी त्याची ओळख पटवली आणि १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतातली नवी नोंद म्हणून ती छापली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. हे नाव स्वीडनच्या लिनियस यांनी १७५३ सालीच दिलेलं होतं. नावातल्या ग्रीक शब्दांत एक कुमारिकेचा आहे, दुसरा गर्भाशयाचा. आणि रोपाचं खरं माहेर अमेरिका खंडातलं, मेक्सिकोच्या आखाताभोवतीचं.

मग ते इथे आलं कसं? गावोगावी एकच उत्तर मिळतं: अमेरिकेच्या गव्हातून. पीएल ४८० या योजनेतला तो गहू. तेव्हा राज्य काँग्रेसचं, फुलं पांढऱ्या टोपीसारखी, म्हणून नावही तेच पडलं. पण तारखा लावून बघू या. या योजनेचा भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि रोप दिसलं त्याच्या आदल्या वर्षी. अमेरिकेचा गहू १९५१ सालच्या मदतीतूनही आला होता, हे खरं. शिवाय कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही या झाडाची नोंद सापडते. म्हणजे पीएल ४८० च्या गव्हाने नंतर त्यात भर घातली असेल, पण पहिलं बी त्यानेच आणलं असं म्हणता येत नाही.

आणलं कुणी, याची चर्चा होत राहिली आणि गवत पसरत राहिलं. एका झाडाला हजारो बिया धरतात, वाऱ्याने, पाण्याने, शेणखतातून त्या दूर जातात. त्याचा त्रास पहिल्यांदा भोगला तो खुरपणाऱ्या हातांनी. झाडातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने काहींच्या अंगाला खाज सुटते, कातडी जाड आणि काळी पडते. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास होतो. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांविषयी लिहिलं. १९८४ साली बंगळूर भागात हे गवत खाणारे मेक्सिकन भुंगे सोडण्यात आले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात, पण सगळं गवत काही संपवत नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, फुलं येण्याआधीच ओळखायला शिकू या. लहानपणी पानं जमिनीवर गोल पसरलेली असतात. मग मधून सरळ खोड वर येतं, त्यावर उभ्या रेघा आणि बारीक लव असते. फूल ज्वारीच्या दाण्याएवढं, पाच कोपऱ्यांचं. ही पांढरी फुलं गजऱ्यात किंवा गुच्छात घालू नका.

उपटायचं ते माती ओली असताना, मुळासकट, फुलोऱ्याआधी. हातात मोजे, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी, अंगात पूर्ण बाह्या, तोंडाला पदर. जिला आधीच खाज किंवा दमा आहे, तिने हात लावू नये. घरातल्या दुसऱ्याला सांगावं, आणि ते काम एकट्या बाईचं नाही हेही सांगावं.