पहिल्या कॅमेऱ्याचा हिशेब

पावसाळा लागला कीं पुण्याची मंडळी पानशेतची वाट धरतात. १२ जुलै १९६१ रोजीं फुटलेलें आणि मागाहून पुन्हां उभारलेलें आंबी नदीवरील तें धरण, त्याचा जलाशय व भोंवतालचे धुक्यांत बुडालेले डोंगर टिपावेत, म्हणून आमच्या शेजारच्या एका विद्यार्थ्यानें दोन वर्षें शिकवण्या करून पैसे सांठविले. त्या सर्व रकमेचा एकच भारी डिजिटल कॅमेरा घ्यावयाचा, असा त्याचा बेत. "काका, यंत्र उत्तम असलें म्हणजे बाकीचें पुढें पाहतां येईल," असें तो म्हणाला. मीं त्यास आपल्याच प्रांतांतील दोन जुने हिशेब ऐकविले. तेच आज आपल्यापुढें मांडतों.

मुंबईचे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे धंद्यानें छायाचित्रकार. १८९६ सालीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें मुंबईस आलीं, तीं पाहून त्यांनीं विलायतेहून २१ गिनींचा कॅमेरा मागविला. १८९९ मध्यें हँगिंग गार्डनवरील एक कुस्ती त्यांनीं टिपली खरी. पण ती फीत धुण्याकरितां लंडनला धाडावी लागली. यंत्र घरीं आलें, तरी चित्रासाठीं बोटीची वाट पाहणें आलेंच!

दुसरा हिशेब दादासाहेब फाळके यांचा. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं सुमारें १०,००० रुपये उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारींत विलायतेची बोट धरली. तेथें त्यांनीं विल्यमसन कॅमेरा घेतला, तो ५० पौंडांस. पौंडाचा भाव तेव्हां १५ रुपये. म्हणजे कॅमेऱ्याचे झाले ७५० रुपये. हा उभ्या केलेल्या रकमेचा तेरावा हिस्साहि नव्हे! प्रवास होता, तेथील कारखाने पाहून कला शिकणें होतें, कच्ची फिल्म होती, आणि फिल्मच्या कडांना भोंकें पाडण्याचें यंत्रहि होतें. हें भोंकें पाडण्याचें काम पुढें सरस्वतीबाई फाळके घरीं करीत. नुसता कॅमेरा घेऊन फाळके परतते, तर तो शोभेला कपाटांत राहता.

यंत्र हातीं आल्यावरहि त्यांनीं एकदम पौराणिक कथेस हात घातला नाहीं. कुंडींत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडें थोडें टिपून त्या अंकुराची वाढ मिनिटभराच्या फितींत दाखविली. ती पाहून भांडवल देणारे पुढें आले; तरी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला ३ मे १९१३ रोजीं. मला स्वतःला त्या साऱ्या उद्योगांत वाटाण्याचा महिना फार मोलाचा वाटतो.

आतां फीत नाहीं, धुलाई नाहीं. म्हणून पुढचा खर्चच उरला नाहीं, असें तरुणांस वाटतें. पण पानशेतला पहांटेच्या अंधुक प्रकाशांत तिपाईवांचून हात कांपतो. थंडींत बॅटरी लवकर उतरते. पावसाळ्यांत दमट हवेनें भिंगाला बुरशी धरते. म्हणून सिलिका जेल घातलेला घट्ट झांकणाचा डबा हवा. काढलेलीं चित्रें दोन ठिकाणीं जपून ठेवावयास हार्ड डिस्क हवी. शिवाय यंत्राची बॉडी चार वर्षांत जुनी ठरते, चांगलें भिंग मात्र दुसऱ्या बॉडीवर चढून पुन्हां कामाला येतें. म्हणून रकमेचा मोठा वांटा भिंगास द्यावा, आणि बॉडी वापरलेली मिळाली तरी कमीपणा मानूं नये. फक्त तिचें शटर आजवर किती वेळां चाललें आहे, तें आधीं विचारून घ्यावें.

हें ऐकून तो मुलगा थोडा हिरमुसला. भारी यंत्रावर त्याचें मन जडलें होतें, आणि कष्टाच्या पैशाला दुसऱ्यानें वाटा दाखविलेल्या कोणास आवडतात? अखेर मीं माझा जुना कॅमेरा त्यास श्रावणापुरता दिला आहे. गेल्या रविवारीं तो पानशेतला जाऊन आला. दोनशें चित्रें काढलीं, त्यांतलीं बहुतेक हाललेलीं. काल संध्याकाळीं येऊन त्यानें पहिला प्रश्न विचारला तो तिपाईच्या किंमतीचा.