शाळा व गाव यांचे परस्परसाहाय्य

सरकारी अनुदान व विद्यार्थ्यांची फी यांपलीकडे धान्य, श्रम, जागा व देखरेख यांच्या रूपाने गावाने शाळेला दिलेला आधार आणि शाळेने आपले शिक्षक व विद्यार्थी यांच्या द्वारा गावाला केलेली त्याची फेड, असे या व्यवहाराचे दुहेरी स्वरूप आहे. महाराष्ट्रात तो सर्वांत विस्तृत प्रमाणावर व अत्यंत प्रतिकूल सांपत्तिक स्थितीत रयत शिक्षण संस्थेने चालविला. म्हणून प्रस्तुत नोंदीत तिच्या कार्याचाच मुख्यत्वे परामर्श घेतला आहे.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात १८६९ च्या लोकल फंड कायद्याने जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा पट्टी वसूल होऊ लागली आणि तिच्यातील तृतीयांश रक्कम शाळांकडे जाऊ लागली. खेड्यातील शाळेचा आश्रयदाता अशा रीतीने प्रारंभापासून शेतकरीच होता. तथापि त्या पैशाच्या विनियोगाविषयी त्याचा सल्ला घेण्याची तजवीज कोठेही नव्हती, आणि शाळेच्या पटावर त्याच्या मुलांची नावे विरळाच आढळत. ज्या कष्टकरी रयतेच्या घामातून सरकारचा वसूल उभा राहतो तिच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड करून तो पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, ही तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात निर्भीडपणे नोंदविली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून वसतिगृहांना दरबारचा आश्रय दिला व त्यांचा कारभार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांकडे सोपविला.

रयत शिक्षण संस्था : कोल्हापुरातील अशाच एका, जैन समाजाच्या, वसतिगृहात काही काळ राहून शिकलेल्या भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी १९१९ साली काले (ता. कऱ्हाड) येथे ही संस्था स्थापन केली. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले व तेथे जातवारी मोडून सर्व मुलांना एका पंक्तीस बसविले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

वसतिगृहाचा प्रपंच चालविण्यासाठी योजलेला मुष्टिफंड हा या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रयोग होय. गृहिणीने नित्याचे धान्य काढताना त्यातील एक मूठ शाळेच्या नावाने निराळ्या मडक्यात टाकावी आणि साठलेली ज्वारी-बाजरी मुलांनी घरोघर फिरून गोळा करून कोठीत आणावी, इतकाच त्याचा विधी. ज्या घरात रोख रुपयाचे दर्शन सुगीनंतरच घडते त्या घराकडे दरमहाची वर्गणी मागणे म्हणजे त्याला देणाऱ्यांच्या यादीतून वगळण्यासारखेच असते. मूठभर धान्य मात्र गरिबातील गरीब घरही देऊ शकते. शिवाय ती मूठ काढण्याचा अधिकार घरातील स्त्रीचा असल्याने, जिला स्वतःला अक्षर ओळखण्याची संधी कधी मिळाली नाही अशी बाईदेखील रोज नेमाने शाळेची दात्री होते. मोठ्या देणगीदाराच्या एकरकमी दानाने इमारत उठते, परंतु शाळेविषयीची आपुलकी या रोजच्या मुठीनेच टिकते, हे संस्थेच्या इतिहासावरून निःसंशय म्हणता येते. कोठी रिकामी पडली असता भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या.

शिक्षक तयार करण्यासाठी १९३५ मध्ये साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले आणि १९३८ पासून, यवतेश्वर येथील शाळेने आरंभ करून, ज्या गावांत शाळाच नव्हती तेथे स्वेच्छा शाळा (रूढ नाव ‘व्हॉलंटरी शाळा’) उघडण्यात आल्या. त्यांची संख्या पुढे पाचशेंच्या वर गेली. इमारतीची वाट पाहत न बसता देऊळ, चावडी, धर्मशाळा किंवा एखाद्याचा रिकामा गोठा, जे गाव देईल ते झाडूनसारवून तेथे मुले बसविली जात. शिक्षकाच्या राहण्याजेवण्याचा बंदोबस्तही पुष्कळदा गावाकडेच असे.

साताऱ्यास १९४० साली स्थापन झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल हे ‘कमवा व शिका’ या पद्धतीने चालणारे विनाशुल्क निवासी विद्यालय होय. तेथील मुलांनी खडकाळ माळ फोडून शेतजमीन तयार केली व आपल्या शिक्षणाचा खर्च अंगमेहनतीने भागविला. १९४८ च्या सुमारास राजकीय मतभेदांमुळे संस्थेचे सरकारी अनुदान काही काळ बंद राहिले. ते पूर्ववत होण्यास गाडगे महाराजांची रदबदली कारणीभूत झाली, असे सांगितले जाते. या अवधीत संस्था तगून राहिली ती लोकाश्रयावरच.

शाळेकडून गावास : या बाजूची सर्वांत ठळक कामगिरी म्हणजे १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेली व पुढे इतर जिल्ह्यांत पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम. दिवसभर मुलांना शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांनी रात्री प्रौढांचे वर्ग चालवावेत, जागा व दिवाबत्ती गावाने पुरवावी, आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा व्हावा, अशी तिची रचना होती. शेतावरून दमून आलेला बाप ज्या पाटीवर आपले नाव गिरवी ती बहुधा त्याच्याच मुलाची असे. शाळेची पाटी सायंकाळनंतर वडीलधाऱ्यांच्या हाती जावी, याहून मोठी फेड कोणती?

ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून व कोसबाड येथे १९५७ पासून केलेले कार्य निराळ्या वळणाचे आहे. आदिवासी मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ओळखून त्यांना बोल लावण्याऐवजी शिक्षकानेच साहित्य घेऊन चराईच्या रानात जावे, या विचारातून कुरणशाळा निघाली. शाळेने गावाच्या दिनक्रमास जुळवून घेणे हेही साहाय्यच होय, आणि ते विरळ असल्याने त्याचे मोल अधिक आहे.

गोमंतक : पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा बहुतांशी खाजगी वर्गणीवर, अनेकदा देवळांच्या आवारात, चालत.

कायदेशीर तरतूद : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमान्वये सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे आवश्यक आहे. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे व मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कर्तव्ये होत. लोकल फंडाची पट्टी भरणाऱ्या रयतेस जो अधिकार नव्हता तो तिच्या वंशजांस या कलमाने प्राप्त झाला आहे; अल्पसंख्याक व इतर सर्व अनुदानित शाळांत मात्र, २०१२ च्या दुरुस्तीनुसार, या समितीचे काम केवळ सल्लागार स्वरूपाचे असते.